सायीचं दूध की बिनसायीचं? घरातल्या प्रत्येकाचा पेला वेगळा

आमच्या सांगलीच्या घरी वीस वर्षं एकाच गवळ्याचा रतीब आहे. हरिपूरकडून रोज सकाळी एक लिटर म्हशीचं दूध येतं. तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या रक्ताच्या तपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८ निघालं आणि डॉक्टर म्हणाले, साय, लोणी, तूप आवरा. मी घाबरले. तिसऱ्या दिवशी रतीब बंद केला आणि दुकानात मिळणारी सगळ्यात कमी फॅटची पिशवी सुरू केली. चहा, दही, सासूबाईंची रात्रीची दूधभाकरी, सगळं त्याच दुधात.

चार महिन्यांनी सासूबाईंच्या बांगड्या मनगटावरून पार कोपरापर्यंत सरकायला लागल्या. वजन केलं तर साडेतीन किलो उतरलेलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या, दुसरं काही निघालं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं माणूस, दाढा गेलेल्या, जेवण चिमणीएवढं. दिवसभरातल्या खाण्यात त्यांचा खरा आधार होता तो रात्रीच्या सायीच्या दुधाच्या वाटीचा, आणि तीच मी पातळ करून टाकली होती. एकाच्या रिपोर्टसाठी मी अख्ख्या घराचं दूध बदललं, ही माझी चूक. ती तुमच्या घरी होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी आकडा, मग नाव

माझे वडील वाळवा तालुक्यात गावच्या दूध संस्थेत फॅट काढायचे. तेव्हा तिथे मशीन आलेलं नव्हतं. काचेच्या नळीत आधी १० मिली गंधकाचं आम्ल, त्यावर पिपेटनं हळूच सोडलेलं १०.७५ मिली दूध, वर १ मिली अमाईल अल्कोहोल. बूच लावून नळी हलवली की हाताला चटका बसेल इतकी तापायची, म्हणून अण्णा ती फडक्यात धरायचे. मग यंत्रात गरगर फिरवायची. बाहेर काढली की आतलं काळपट पाणी खाली आणि वर नळीच्या बारीक मानेत मधासारखी पिवळी पट्टी. ती पट्टी किती रेघांपर्यंत आली, तेवढे टक्के फॅट. त्यावर शेतकऱ्याचा दर ठरायचा. त्यामुळे आमच्याकडे कोणी दुधाला नुसतं ‘चांगलं’ म्हणत नसे. ‘सातचं आहे’, ‘साडेतीनचं आहे’ असंच बोलायचे. तुम्हीही तीच सवय लावून घ्या.

मोबाइलवर जे आहाराचे सल्ले येतात, त्यांत ‘होल मिल्क’ हा शब्द सारखा असतो. होल मिल्क प्यायल्यानं काही बिघडत नाही, असंही त्यात वाचायला मिळतं. पण ते होल मिल्क म्हणजे गाईचं दूध, आणि अमेरिकेत त्याचं प्रमाण ठरलेलं आहे, किमान ३.२५ टक्के फॅट. आपल्याकडे रतीबाला येणारं म्हशीचं दूध साडेसहा-सातचं असतं, म्हणजे त्याच्या दुप्पट. त्यांचं होल मिल्क आपल्या टोन्ड पिशवीच्या जवळपास येतं. हा फरक ध्यानात न घेता तिकडचा सल्ला इकडच्या पातेल्याला लावला की हिशोब सरळ दुपटीनं चुकतो.

पिशवी घेत असाल तर रंगावर जाऊ नका, प्रत्येक डेअरीचे रंग निराळे. छापलेले शब्द वाचा. कायद्यानं फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के फॅट लागतं, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये १.५, आणि स्किम्डमध्ये ०.५ च्या वर चालत नाही. गाईच्या दुधाची पिशवी साधारण साडेतीनच्या आसपास असते.

टोन्ड म्हणजे पावडरचं, पाणी घातलेलं, फसवणुकीचं दूध, असं अजून पुष्कळजण समजतात. मूळ कल्पना अशी होती, की म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि स्किम्ड दुधाची पावडर घालायची. फॅट उतरतं, पण पावडरीमुळे प्रोटीन आणि कॅल्शियम टिकतं, आणि त्याच दुधात जास्त घरं भागतात. ही पद्धत मुंबईत तिथले दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी बसवली. पुढे १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गवळ्यानं नळाखाली चरवी धरणं आणि टोन्ड करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या पाण्यानं फॅटबरोबर बाकी सगळंच पातळ होतं.

रतीबाचं दूध असेल तर गवळ्याला सरळ विचारा. आमचे गवळीमामा उरलेलं दूध संस्थेला घालतात, तिथली पावती त्यांच्या खिशात असते. मी विचारल्यावर म्हणाले, “वैनी, सात लागतंय बघा, कधी साडेसहा.” पावतीवर फॅटशेजारी एसएनएफ असतं, म्हणजे फॅट सोडून उरलेला ऐवज: प्रोटीन, साखर, क्षार. म्हशीच्या दुधात ते ९ च्या आसपास असायला हवं. गवळ्याकडे पावती नसेल तर जवळच्या संकलन केंद्रावर सकाळच्या वेळी वाटीभर कच्चं दूध घेऊन जा. आमच्याकडच्या केंद्रावर मशीनला लावून दोन मिनिटांत आकडा सांगतात. उन्हाळ्यात आणि थंडीत असं दोनदा करून बघा, वैरण बदलली की आकडाही हलतो.

साय गेली की काय जातं, काय राहतं

सायीबरोबर फॅट जातं, आणि फॅटमध्ये विरघळणारी ए आणि डी जीवनसत्त्वं जातात. प्रोटीन, कॅल्शियम आणि दुधाची साखर खालीच राहते. स्किम्ड दुधात कॅल्शियम कमी असतं हा समज चुकीचा आहे. ए आणि डी भरून काढायला बऱ्याच डेअऱ्या ती वरून घालतात. अशा पिशवीवर इंग्रजी एफ आणि अधिकचं चिन्ह असलेली निळी खूण असते. कमी फॅटचं दूध घेणार असाल तर ती खूण बघूनच घ्या.

२०० मिलीच्या पेल्याचा हिशोब असा. साडेसहाच्या म्हशीच्या दुधात सुमारे १९५ कॅलरी आणि १३ ग्रॅम फॅट. टोन्डमध्ये १२० च्या आसपास कॅलरी आणि ६ ग्रॅम फॅट. डबल टोन्डमध्ये ९५ आणि ३ ग्रॅम. स्किम्डमध्ये ७० च्या आसपास, फॅट जवळजवळ नाही. प्रोटीन मात्र प्रत्येक पेल्यात ६ ते ७ ग्रॅम, म्हशीच्या दुधात थोडं जास्तच.

दुधाच्या फॅटमधला साधारण ६० ते ६५ टक्के भाग सॅच्युरेटेड असतो, आणि एलडीएल वाढवण्यात याचाच हात असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी सॅच्युरेटेड फॅटचा वाटा १० टक्क्यांच्या वर जाऊ नये. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला म्हणजे २२ ग्रॅम. म्हशीच्या दुधाचा एकच पेला त्यातले आठेक ग्रॅम घेऊन बसतो. दोन पेले प्यायलात तर दिवसाचा तीन चतुर्थांश कोटा संपला, अजून भाजीतलं तेल, भाकरीवरचं लोणी, शेंगदाण्याची चटणी यायचीच आहे.

दुधातलं फॅट पूर्वी वाटायचं तितकं घातक नाही, असं सांगणारे अभ्यास अलीकडे आले आहेत हे खरं. पण ज्याचं एलडीएल आधीच वाढलंय किंवा ज्याच्या हृदयाला त्रास होऊन गेलाय, त्याला डॉक्टर अजूनही कमी फॅटचंच दूध सांगतात, आणि मला ते पटतं. निरोगी माणसानं मात्र एका पेल्यासाठी जीव टांगणीला लावायचं कारण नाही.

कोणाच्या पेल्यात काय

एक वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी गाईचं किंवा म्हशीचं दूध पाजायचं नाही. पाणी घालून पातळ केलेलं तर नाहीच. आपल्याकडे ‘हलकं करून’ पाजायची पद्धत आहे, ती सोडायला हवी. एक ते दोन वर्षांच्या मुलाला फॅट लागतं, त्याचा मेंदू वाढत असतो. त्याला साय न काढलेलं दूध द्या, गाईचं असेल तर उत्तम. पण दिवसाला चारशे-पाचशे मिलीच्या वर नको. दुधानंच पोट भरलं की मूल भाकरी-भाजी-वरण खात नाही आणि अंगातलं लोह कमी पडतं. स्किम्ड आणि डबल टोन्ड या वयाला वर्ज्य.

दोन वर्षांनंतर मूल बघून ठरवा. काटक, दिवसभर हुंदडणारं मूल असेल तर घरातलं दूध चालू द्या. वजन वयाच्या मानानं पुढे पळत असेल तर टोन्डवर आणा, आणि दुधाला हात लावायच्या आधी बिस्किटं आणि कुरकुरीत पुड्या बंद करा.

चाळिशी ओलांडलेली, खुर्चीत बसून काम करणारी, पोट सुटलेली, कोलेस्टेरॉल वाढलेली माणसं, आमच्या घरातले हे त्यातलेच. त्यांना डबल टोन्ड किंवा टोन्ड. पूर्ण स्किम्डचा हट्ट बहुतेकांना झेपत नाही. चव आवडत नाही, पंधरा दिवसांत माणूस परत म्हशीच्या दुधावर येतो. जे वर्षभर टिकेल तेच निवडा. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर दूध बदललं म्हणून ती आपल्या मनानं सोडायची नाही.

मधुमेह असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, साय काढल्यानं दुधातली साखर कमी होत नाही. १०० मिलीत पाचेक ग्रॅम असतेच, मग दूध सायीचं असो वा बिनसायीचं. त्यांनी पेला मोजून घ्यायचा. किडनीचा आजार असेल तर प्रश्न फॅटचा नाही, पोटॅशियम आणि फॉस्फरसचा आहे, आणि ते स्किम्डमध्येही तितकंच. तिथे डॉक्टर सांगतील तेवढंच प्रमाण. दूध प्यायलं की पोट गुरगुरतं, फुगतं, अशांना फॅट बदलून उपयोग नाही. त्यांनी दूध सोडून दही-ताकावर यावं, विरजणात दुधाची साखर काही प्रमाणात मोडलेली असते.

वृद्ध, आजारातून उठलेले, वजन उतरलेले, भूक मेलेले. यांना सायीचं दूध द्या, न कचरता. थोड्या घासात जास्त बळ मिळायला हवं असतं, ते यात मिळतं. सासूबाईंची वाटी आम्ही परत म्हशीच्या दुधाची केली, वर चमचाभर साय. वजन सावकाश दोन किलो परत चढलं.

आणि तालमीतली मुलं. आमच्या भागात कुस्तीचं वेड आहे, कुंडलच्या मैदानाला गावंच्या गावं लोटतात. ज्या भागात खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आहे, तिथे दूध-बदाम-तूप हा खुराक कोणी नाकारणार नाही. पण हजार जोर-बैठका मारणाऱ्याचा खुराक जिममध्ये पाऊण तास घालवून दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यानं घ्यायचा नसतो. त्याला हवं असतं प्रोटीन, ते टोन्डमध्ये तितकंच आहे. आणि धारोष्ण दूध पिऊ नका. न तापवलेल्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिस यांसारखे आजार जनावराकडून माणसाकडे येतात. एक उकळी आणा, मग प्या.

किती

निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ३०० मिली दूध किंवा तेवढ्याचं दही, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनात आहे. यात चहातलं दूधही धरायचं. आपल्याकडे चार चहा होतात, एकेका चहात ५०-६० मिली दूध जातं. म्हणजे दोनशे मिलीच्या वर तिथेच झालं, आणि आपण म्हणतो, “मी दूध पीतच नाही.”

एकाच रतीबातून दोन दुधं

ज्यांच्या घरी म्हशीचा रतीब आहे त्यांनी तो मोडायची गरज नाही. आधी सायीचं दूध लागणाऱ्यांचं बाजूला काढा. आमच्याकडे पाव लिटर सासूबाईंचं, वेगळ्या पातेलीत. उरलेलं जाड बुडाच्या, पसरट तोंडाच्या पातेल्यात तापवायचं. उकळी आली की आच मंद करून दोन-तीन मिनिटं, मग गॅस बंद. जाळीचं झाकण घालून न हलवता निववायचं, पण सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये तासा-दीड तासाच्या वर बाहेर ठेवू नका. मग पातेलं तसंच फ्रिजमध्ये, किमान सहा तास. साय घट्ट भाकरीसारखी जमते. कडेनं सुरी फिरवून, झाऱ्यानं अखंड उचलायची. घाईनं चमच्यानं खरवडली तर अर्धी परत दुधात मिसळते.

दुसऱ्यांदा तेच दूध तापवून परत गार केलं की पातळ साय येते, तीही काढता येते. तरी घरी दूध कधीच स्किम्ड होत नाही. डेअरीत यंत्र दूध जोरानं फिरवतं आणि मलई पूर्ण वेगळी काढतं, ते काम झाऱ्याचं नाही. होमोजिनाइज्ड पिशवीच्या दुधावर तर ही रीत चालतच नाही. त्यातले फॅटचे कण आधीच बारीक फोडलेले असतात, वर येत नाहीत. तिथे कमी फॅटची पिशवीच घ्यायची.

साय काढल्यावर खाली नक्की कितीचं दूध उरलं? याला मी एक सोपी युक्ती काढली आहे. महिन्याचं तूप वजन करा. समजा रोज एक लिटर दुधाची साय काढताय आणि दूध साडेसहाचं आहे. महिन्याच्या ३० लिटरमध्ये साधारण २ किलो फॅट आलं. तूप झालं १ किलो २०० ग्रॅम. म्हणजे दुधात ८०० ग्रॅम राहिलं, लिटरला २७ ग्रॅम, फॅट पावणेतीनच्या जरा खाली. थोडं ताकात आणि बेरीतही जातं, ते सोडून द्या. तुमचं दूध टोन्ड पिशवीच्या बरोबरीला आलं. तूप ७०० ग्रॅमच निघत असेल, तर समजा साय नीट निघत नाहीये आणि घरातले अजून सव्वाचारच्या आसपासचं दूध पिताहेत.

आता त्या तुपाचं काय होतं, तेही बघायला हवं. मी पहिल्या वर्षी इथे चुकले. दुधावरची साय इमानदारीनं काढत होते आणि तेच तूप ह्यांच्या वरणभातावर, पोळीवर, रविवारच्या शिऱ्यात. किलोभर तूप चार माणसांत महिन्यात संपलं, तर रोज माणशी आठ-नऊ ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमहून जास्त सॅच्युरेटेड फॅट वाटीतून परत ताटात आलं. साय काढल्याचा फायदा तेव्हाच, जेव्हा ते तूप त्या माणसाच्या पोटात जात नाही. आता बरणीवर मी खडूनं तारीख लिहिते. ह्यांना दिवसाला एक छोटा चमचा, सासूबाईंना दोन. उरलेलं मुलीच्या घरी जातं, तिच्याकडे दोन लहान मुलं आहेत.

साखर आणि सवय

टोन्डवरून स्किम्डवर गेल्यानं पेल्यामागे पन्नासेक कॅलरी वाचतात. दूध पातळ लागतं म्हणून त्यात दोन चमचे साखर घातली तर चाळीस परत आल्या. चॉकलेटी पावडर घातली तर त्याहून जास्त. साखरेचं स्किम्ड पिण्यापेक्षा बिनसाखरेचं टोन्ड प्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. चव हवी असेल तर वेलदोडा, सुंठ, नाहीतर चिमूटभर सांगलीची हळद. हळद दुधात घालून एक उकळी काढा म्हणजे कच्चट वास जातो.

एकदम बदलू नका. पहिला आठवडा तीन भाग म्हशीचं, एक भाग डबल टोन्ड. दुसरा आठवडा निम्मंनिम्म. तिसऱ्याला उलट. चहाचं दूध सगळ्यात आधी बदला, आलं आणि पत्तीपुढे फरक कळत नाही. दही मात्र सगळ्यात शेवटी, कारण पातळ दही पानात वाढलं की घर बंड करतं. डबल टोन्डचं दही घट्ट हवं असेल तर अर्धा लिटर दुधात दोन चमचे स्किम्ड दुधाची पावडर घुसळून घाला, पाच मिनिटं उकळा, बोट सोसेल इतकं कोमट झालं की विरजण लावा. सणाची बासुंदी आणि खरवस मात्र पातळ दुधात करायला जाऊ नका. वर्षातून चार वेळा होणारा पदार्थ, दाट दुधातच करा आणि वाटी लहान घ्या.

बदल केल्यावर तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करून घ्या. त्याच लॅबमध्ये, डॉक्टर उपाशीपोटी म्हणाले असतील तर दोन्ही वेळा उपाशीपोटी, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही. ह्यांचं एलडीएल १६८ वरून १३९ वर आलं. त्याच काळात फरसाण बंद झालं होतं आणि आमराईत सकाळचं चालणं सुरू झालं होतं, त्यामुळे सगळं श्रेय मी दुधाला देणार नाही. तपासणीच्याच आठवड्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं आणि लहान मुलाचं वजनही करा. तो आकडा रिपोर्टच्याच कागदावर लिहून ठेवा, म्हणजे एकाचं उतरताना दुसऱ्याचं उतरत नाही ना, ते एका नजरेत दिसतं.